वाटणीत आलेली कवळी

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. लढाईतून ते धडधाकट परत आले, फक्त वरचे दात तिकडेच राहिले. ते जर्मनांनी पाडले असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. खरं तर ते एका खेचराने पाडले होते. डोंगरातल्या चौकीवर शिधा पोचवणाऱ्या खेचरांच्या मागून आजोबा चालले होते. त्यातल्या एका खेचराच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने मागचे दोन्ही पाय झाडले. पुढचे दात जागेवर पडले. मिलिटरीच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरने बाकीचे हलणारे दातही उपटून टाकले आणि वरची अख्खी कवळी करून दिली. "जर्मनानं मला बोटसुदिक लावलं न्हाई," आजोबा सांगायचे, "आपल्याच पार्टीतल्या खेचरानं घात केला."

ती कवळी हल्लीसारखी गुलाबी नव्हती. काळपट तांबड्या रबराचा टाळू आणि त्यावर चिनी मातीचे पांढरेशुभ्र दात. डॉक्टरने बहुधा नेहमीच्या सवयीने गोऱ्या माणसाला शोभतील असे लांबलचक दात बसवले होते. त्यामुळे आजोबा हसले की साताऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडातून कुणी साहेबच हसतोय असं वाटायचं. पुढच्या दोन दातांत फट होती. 'स' म्हटला की तिच्यातून शिट्टी वाजायची. सगळ्यांनी किती सांगितलं, तरी त्यांनी मरेपर्यंत ती बदलली नाही.

ते गेल्यावर तिन्ही मुलांत त्यांच्या लोखंडी ट्रंकेची वाटणी झाली. थोरल्या काकांनी मेडलं घेतली, कारण ते थोरले. आत्याने मिलिटरीचं राखाडी ब्लँकेट घेतलं, कारण लहानपणी ती त्यात झोपलेली. माझे बाबा सगळ्यांत धाकटे, तेव्हा मुंबईला नोकरीत. रजा मिळून ते गावी पोचले तोवर ट्रंकेत शेवटच्या आजारपणात काढून ठेवलेली, रुमालात गुंडाळलेली कवळी तेवढी उरली होती.

"ही तुला," काका म्हणाले.

बाबांनी रुमाल उघडून पाहिला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "चालेल."

त्या 'चालेल'चे परिणाम माझ्या आईने पुढे जन्मभर भोगले.

बाबांनी कोपरखैरण्याला फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्यांदा काय केलं असेल, तर हॉलमध्ये काचेचं शोकेस. त्याच्या मधल्या कप्प्यात, माझी बक्षिसं आणि भावाच्या क्रिकेटच्या कपाच्या बरोब्बर मध्ये, काचेच्या ग्लासात कवळी ठेवली. खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं, 'दुसरे महायुद्ध. इटली.' सुरुवातीला ती कोरडीच होती. मग कुणीतरी सांगितलं की रबराला तडे जातात, म्हणून बाबा तिला खोबरेल तेल चोळायला लागले. पुढे आमच्या सेक्टरमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दातांचा दवाखाना टाकला. बाबा कवळी घेऊन तिथे गेले. त्या म्हणाल्या, "काका, पाण्यात ठेवा." तेव्हापासून दर रविवारी सकाळी ग्लासातलं पाणी बदलणं हे बाबांचं व्रत झालं. आंघोळीआधी नाही, नंतर.

आईने विरोध करून पाहिला. पाहुणे आले की ती ग्लासावर क्रोशाचा रुमाल टाकायची. बाबा तो उचलायचे. माझे सासू-सासरे मला बघायला आले तेव्हा तर बाबांनी पोहे यायच्या आधीच त्यांना शोकेसपाशी नेलं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे एक तलवार आहे म्हणतात. पण ती चुलत्यांकडे." बाबांना त्या दिवशी फार बरं वाटलं.

हे सगळं सांगायचं कारण थोरल्या काकांचा मोतीबिंदू.

दोन वर्षांपूर्वी काका वाशीला डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला आले आणि आमच्याकडे, म्हणजे बाबांकडे, उतरले. मी घणसोलीत राहते, त्यामुळे माझीही रोज एक फेरी असायची. काका ऐंशीच्या घरातले, उंच, खणखणीत आवाजाचे. पण त्यांनाही आता वरची कवळी लागली होती. तालुक्याला करून घेतलेली, गुलाबी, आणि अगदीच निकामी. जेवताना ती सुटायची. काका चपाती चहात बुडवून खायचे आणि भाकरीकडे नुसते बघत बसायचे.

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यात अजून मोतीबिंदू. थोडक्यात, काका चाचपडत होते. दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांनी नेहमीप्रमाणे शोकेसमधला ग्लास आणला, बेसिनच्या फळीवर ठेवला, आणि तेवढ्यात खाली दूधवाला आला म्हणून गेले. त्याच फळीवर काकांची कवळी ठेवलेला ग्लास होता. आईच्या एकाच सेटमधले दोन ग्लास. काका उठले, चाचपडत बेसिनपाशी आले, हाताला लागला तो ग्लास घेतला, कवळी तोंडात बसवली आणि निघून गेले. बाबा वर आले, उरलेल्या ग्लासातलं पाणी बदललं आणि तो शोकेसमध्ये नेऊन ठेवला. बाबांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला मात्र ते तयार नव्हते. "मला सगळं दिसतं," हे त्यांचं कायमचं म्हणणं.

यातलं आम्हाला तेव्हा काहीच कळलं नाही. कळलं ते एवढंच, की काकांची तब्येत एकदम सुधारली.

त्या दुपारी त्यांनी भाकरी मागितली. आईने कुस्करून दिली तर म्हणाले, "अख्खी दे. मी काय दूधपितं प्वार हाय?" अख्खी खाल्ली. मग कांदा खाल्ला. सोमवारी भाजलेले शेंगदाणे खाल्ले, मंगळवारी पेरू. मी संध्याकाळी गेले तर सोफ्यावर बसून कडाकडा चणे फोडत होते.

"काका, जपून," मी म्हटलं.

"अगं, आप्रेशन काय झ्याक झालंय!" काका म्हणाले. "डोळा उघडला आन् दातात ताकद आली बघ."

बाबांनी हे पुढच्या तपासणीला डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा एकदा चाळला आणि म्हणाले, "असं सहसा होत नाही."

आईची वेगळीच भानगड सुरू होती. तिचा भात दोन दिवस कच्चा निघत होता. तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करणारी माझी आई, पंचेचाळीस वर्षं संसार केलेली, हातात कच्चा भात घेऊन कुकरकडे संशयाने बघत होती. रबरी रिंग बदलली, शिट्टी सुईने साफ केली. तिसऱ्या दिवशीही तेच.

"शिट्ट्या मी मोजते गं," ती मला म्हणाली. "धडाधड तीन होतात. मग डाळ का शिजत नाही?"

बाहेर हॉलमध्ये काका कुणालातरी फोनवर सांगत होते की सोसायटीच्या समोर सरकारी बससेवा सुरू झालीय.

"झाल्या बघ," आई म्हणाली आणि गॅस बंद करायला धावली.

मी कुकरपाशीच उभी होते. कुकर मुका होता. पण माझ्याही डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मला वाटलं, शेजाऱ्यांचा असेल.

बुधवारी आत्या आली. आत्या दिघ्याला राहते. लग्न झाल्यापासून तिकडेच. तिचे यजमान तिथल्याच एका कारखान्यात होते. ती कधीही रिकाम्या हाताने येत नाही. त्या दिवशी एका हातात कोंबडीच्या रश्श्याचा डबा होता आणि दुसऱ्या हातात पिशवीत ते मिलिटरीचं ब्लँकेट. ब्लँकेट पांघरलं की कुठलंही दुखणं उतरतं असा तिचा ठाम विश्वास आहे. दिघ्याच्या तिच्या चाळीत कुणाला ताप आला की पहिल्यांदा ब्लँकेट जातं, मग गोळी. आम्ही दार उघडलं, ती चपला काढत होती, आणि आतल्या खोलीतून आवाज आला,

"कोण आलंय? ये, बस. सासरी सगळी सुखात हायत ना?"

एका वाक्यात चार-पाच शिट्ट्या.

आत्याच्या हातातली पिशवी खाली पडली. डबा मी कसाबसा झेलला. ती दाराला धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, "आबा?"

आजोबांना त्यांची मुलं आबा म्हणायची. आत्या माहेरी गेली की ओट्यावर बसलेले आजोबा तिला हेच वाक्य विचारायचे, शिट्ट्यांसकट. तीसेक वर्षांत ते तिच्या कानावर पडलं नव्हतं.

काका बाहेर आले. डोळ्यावर काळा चष्मा, अंगात बंडी, आणि ओठांच्या आतून डोकावणारे लांब पांढरे दात. ते तिला बघून ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तोंडभर हसले. आजोबांना बघितलं ते मी लहान असताना, पण मलाही झटका बसला. हुबेहूब तेच, सोफ्यापाशी.

आत्या रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "दादा, तोंड उघड."

"का?"

"उघड म्हणते ना!"

काकांनी तोंड उघडलं. आत्याने आत वाकून बघितलं. मग ती तरातरा शोकेसपाशी गेली, काच सरकवली आणि ग्लास उचलून उजेडात धरला. आतली कवळी गुलाबी होती. खाली पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'दुसरे महायुद्ध. इटली.'

पहिल्यांदा आई किंचाळली. "अहो भाऊजी, काढा ते! त्यात ह्यांनी काय काय घातलंय माहितीय? वर्षानुवर्षं खोबरेल चोळलंय!"

"तरीच," काका म्हणाले. "मला वाटलं चटणीत हाय."

बाबांनी चष्मा पुसला, ग्लासात बघितलं, काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू कुणी संग्रहालयातल्या तोफेतून फटाके उडवलेत. "दादा," ते म्हणाले, "ती माझी आहे. वाटणीत आलीय."

"तुझी हाय, पर बसतीय मला," काका म्हणाले. "आरं, माझा जबडा आबांचा, तुझा आईचा. तू घालून बघ, पडंल."

बाबा खरंच घालून बघायला निघाले होते. आईने त्यांचा हात धरला म्हणून राहिलं.

मग दोन सख्ख्या भावांमध्ये, दोघंही आजोबा झालेले, जे भांडण झालं ते ऐकायला समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मीठ मागायच्या निमित्ताने येऊन उभ्याच राहिल्या. काकांनी कवळी काढायला साफ नकार दिला. बाबा म्हणाले, इतकी वर्षं मी जपली. काका म्हणाले, कवळी काय बघायला असती व्हय? शेवटी काकांनी तोडगा काढला. "वाटणी फिरवू. मेडलं तू घे, दात मला."

बाबा जरा विरघळले. मेडलांवर त्यांचा लहानपणापासून डोळा होता. "सगळी?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. डोळ्यावर काळा चष्मा असताना माणूस इतका लांब बघायला लागला की काहीतरी गडबड आहे हे ओळखावं.

"एक सोडून."

"एक कुठं गेलं?"

"बेंदराला बैलाच्या गळ्यात बांधलं हुतं. मिरवणुकीत शोभतंय म्हणून. दरवर्षीच बांधायचो."

"मग?"

"मग त्यो बैल इकला. घाईत इकला. त्ये गळ्यातच ऱ्हायलं." काका जरा थांबले. "पर त्या गावात त्याला लई मान हुता. समदी त्याला फौजी म्हणायची."

एवढा वेळ डोळे पुसत बसलेली आत्या आता हसायला लागली. ती हसायची थांबेना. तिला बघून आई हसली, मग मी, मग मीठवाल्या काकू, ज्यांना नक्की काय झालंय ते माहीतच नव्हतं. बाबा सगळ्यांत शेवटी हसले आणि हसताना म्हणत राहिले, "हसण्यासारखं काही नाही यात."

भांडणाचा निकाल लागला तो काकांच्या टाळूला लाल चट्टा उठला म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणीही झोंबायला लागलं. मी आणि बाबा त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी काकांना खुर्चीत झोपवलं, दिवा वळवला, आरसा आत घातला आणि तशाच थांबल्या.

"ही तुमच्या शोकेसमधली ना?"

"हो," बाबा म्हणाले.

"मग ही यांच्या तोंडात का आहे?"

बाबांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मास्क नाकावर ओढला. मला वाटतं त्या आत हसत होत्या, कारण डोळे वेगळंच सांगत होते. पण आवाज कडक होता. "काका, ही आता काढायची. पुन्हा घालायची नाही. मी तुम्हाला नवीन करून देते. छान फिट बसेल."

"अशीच पायजे," काका म्हणाले.

"अशीच देते. दात थोडे छोटे करू, नॅचरल दिसतील."

"छोटं नकं. अशीच. आन् शिट्टी वाजली पायजे."

"काय वाजली पाहिजे?"

बाबांनी घसा खाकरला. आदल्या दिवशी हेच बाबा कवळीसाठी हट्टाला पेटलेले. आता ते खुर्चीजवळ सरकून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, आमच्या वडिलांची वाजायची. जमलं तर बघा."

डॉक्टरीणबाईंनी जुन्या कवळीचे फोटो काढले, माप घेतलं, फट मोजली. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लोक शिट्टी बंद करायला येतात, वाजवून द्या म्हणणारा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. "कॉलेजमध्ये हे शिकवत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "ट्राय करते."

नवी कवळी बसवायच्या दिवशी आत्याला परीक्षक म्हणून दिघ्याहून बोलावलं. तिने नवी साडी नेसली होती. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, कुणाची दाढ सुजलेली, कुणाच्या गालाला बर्फ, आणि आत काका मोठमोठ्याने म्हणताहेत, "सासरी सगळी सुखात हायत ना?"

शिट्टी नाही. डॉक्टरीणबाईंनी कवळी काढली, मशीनवर जरा घासली, पुन्हा बसवली.

"सासरी सगळी सुखात हायत ना?"

"फुसफुस येतेय नुसती," आत्या म्हणाली.

पुन्हा घासली. पुन्हा सासरी सगळी सुखात. बाहेरचा गाल सुजलेला माणूस पडदा सारून आत डोकावला आणि कळवळून म्हणाला, "अहो मावशी, सुखात आहेत म्हणून सांगून टाका ना त्यांना!"

चौथ्या की पाचव्या खेपेला शिट्टी वाजली. स्वच्छ. आत्याने डोळे मिटून ऐकलं. "जरा बारीक आहे," ती म्हणाली. "आबांची जाड होती. पण चालंल." मग तिने काकांचा हात हातात घेतला आणि उत्तर दिलं, "हायत आबा, सगळी सुखात हायत." आत्याच्या सासरी आता कुणीच उरलेलं नाही. सासू, सासरे, दीर, यजमान, सगळे गेलेले. डॉक्टरीणबाई उगाच हत्यारं आवरत बसल्या.

काका नवी कवळी घालून गावी गेले. दोन दिवसांनी गावाहून थोरल्या काकूंचा आईला फोन. काकू तावातावाने बोलत होत्या. "काय करून पाठवलंत ओ ह्यांना? डोळं करायला धाडलं आन् सासऱ्याला परत आणून सोडलंत! ह्ये बोलाय लागले की माझा हात आपसूक डोक्यावर जातो. स्वयंपाकघरातनं पदर घेऊन बाहेर येती, बघती तर ह्येच! नवऱ्यासमोर पदर घेऊन चहा देती मी. गल्लीतल्या बायका हसत्यात."

"मग काढायला सांगा," आई म्हणाली.

तिकडून बांगड्यांचा आवाज आला, पदर सारखा केल्यासारखा. मग काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. ह्या निमित्तानं बोलत्यात तरी. आधी दात सुटंल म्हणून गप बसायचे."

जुनी कवळी बाबांकडे परत आली, उकळलेल्या पाण्यात आणि औषधात न्हाऊन. आता ग्लासाला झाकण आहे, आणि शोकेसला कुलूप. बाबांनी स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं. कवळी बदलली तरी आपल्याला दिसलं नाही ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली होती.

पण त्या प्रकरणानंतर त्यांच्या डोक्यात नवा किडा शिरला. आपल्यानंतर कवळी कुणाची? गेल्या दिवाळीत फराळ झाल्यावर त्यांनी मला आणि माझ्या भावाला समोर बसवलं. पूर्वी हा विषय निघाला की आम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचो. या वेळी भाऊ चटकन म्हणाला, "मी घेतो." मी म्हटलं, "का म्हणून? मी थोरली."

बाबांनी हात वर केला. "थोरलं-धाकटं काही नाही. आबांचा जबडा ज्याच्याकडे असेल त्याला." मग चष्म्याशिवाय, नव्या डोळ्यांनी, त्यांनी आमच्या दोघांच्या हनुवट्या आळीपाळीने धरून निरखल्या. भावाचे दात पहिल्यापासून उत्तम, एकही किडलेला नाही. माझी दोन रूट कनाल झालेली आहेत आणि तिसरं चालू आहे. बाबा माझ्याकडे बघून समाधानाने हसले.

गेल्या आठवड्यात मी त्यांना फोन करून सांगितलं की माझी वरची एक दाढ काढावी लागणार, वाचत नाहीये.

"अरे वा!" बाबा म्हणाले.

"बाबा!" मी म्हटलं.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "फार दुखतंय का गं?"